मशीन बंद ठेवून अर्धा तास

यंदाच्या तुरी आल्या. पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळतो, धूळ उडते आणि मला शिंका सुरू होतात. लोक म्हणतात नव्या तुरीचा वास गोड असतो. गोड वगैरे काही नसतो. माती, वाळका पाला आणि थोडा उंदरांचा वास असतो. पण तो आला की माझे हात उगाच सूप शोधायला लागतात, हेही खरं. लातुरात एकाच डाळमिलीत माझी चाळीस वर्षं गेली. शेवटची बारा वर्षं मी डाळ निवडणाऱ्या बायांची मुकादम होते.

त्याच आठवड्यात नांदेडहून माझ्या मुलीचा, कल्पनाचा फोन आला. ती शाळेत शिकवते.

"आई, आमच्याकडं शिक्षकांचा गट केलाय. एकमेकांकडून शिकायचं. मला प्रमुख केलंय."

"मग?"

"मग काय, कोणी बोलतच नाही. मुख्याध्यापक खुर्ची टाकून समोर बसतात. शेवटी विचारतात, सगळ्यांना समजलं ना? सगळे हो म्हणतात. मग फोटो, मग चहा."

"चहा बरा असतो का?"

"आई, मी खरं विचारून राहिले. मी काय करू?"

मला हसू आलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. मास्तरणीला मी काय सांगणार? तिला म्हटलं, विचार करून सांगते. फोन ठेवला आणि मिलीत मोठं मशीन आलं तो माझा शेवटचा हंगाम डोक्यात फिरायला लागला. तुरीच्या वासामुळं असेल. वासाला वर्षं कळत नाहीत.

मशीन यायच्या आधी आम्ही एकोणीसजणी होतो. मिलीच्या मागच्या पडवीत दोन ओळी करून बसायचो. समोर डाळीचा ढीग, मांडीवर सूप. काळा दाणा, टरफल न निघालेला दाणा, खडा, सगळं बोटांनी वेचायचं. बाहेर अंगणात तेल लावलेली तूर वाळत पडलेली असायची आणि दोघीतिघी तिच्यातून अनवाणी पाय ओढत फिरायच्या, म्हणजे खालची वर यावी. माघातलं ऊन, तेलकट तूर, पायाखाली सुळसुळ. संध्याकाळी टाचा मऊ झालेल्या असायच्या. बाकी सगळं अंग खाजायचं. टरफलाची बारीक भुकटी मानेवर, पापण्यांवर, कानात. आम्ही सगळ्याजणी एकसारख्या पिवळ्या दिसायचो. कोण कुठल्या घरची, कोण कोणाची, काही ओळखू यायचं नाही. ते मला बरं वाटायचं.

मग ते मशीन आलं. सॉर्टेक्स. उंच कपाटासारखं, समोर काच. वरून डाळ पडते, आतले कॅमेरे दाणा बघतात आणि खराब दाण्याला हवेचा झटका देऊन बाजूला उडवतात. एकोणीसजणी दिवसभरात करायच्या ते काम तासाभरात. मालकांनी दहाजणींना सांगितलं, आता काम नाही. नऊजणींना ठेवलं. मशीन चालवायला, काच पुसायला, माल तपासायला. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाहेरून माणसं आणायच्या आधी आम्हाला विचारलं, जमेल का? मी म्हणाले, जमेल. नऊजणींच्या वतीनं मी बोलले. मला विचारतो कोण म्हणा, पण बोलले.

कंपनीचा माणूस आला. दोन दिवस त्यानं हिंदीत शिकवलं. हे दाबायचं, ते फिरवायचं, हा आकडा इथपर्यंत. प्रत्येक गोष्टीनंतर विचारायचा, "समझ गये?" आणि आम्ही नऊजणी मान हलवायचो. हाव. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मशीन चालू झालं. आणि दोन आठवड्यांत व्यापाऱ्यानं अख्खी गाडी परत पाठवली. चांगल्या डाळीत काळे दाणे जसेच्या तसे. मशीनमधून डाळ गेली होती, पण मशीननं काहीच उडवलं नव्हतं. कोणीतरी हवेचा कॉक बंद ठेवून मशीन चालवलं होतं. कोणी, ते कळेना. कोणी सांगेना. सांगणार कसं? आमच्या मिलीत रीत अशी की जिची चूक सापडली तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवायचं. खाडा. म्हणून चूक झाली की पहिलं काम ती लपवायचं. ही रीत मी स्वतः बारा वर्षं राबवली होती. आता कशाला खोटं बोलू.

मालक पडवीत आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी, शिवरात्रीपर्यंत बघतो. तुम्हाला मशीन आलं तर ठीक, न्हाईतर दोन ऑपरेटर बाहेरून आणतो. मग एवढ्या बाया ठेवून मी काय करू?"

नऊजणींपैकी पाचजणींच्या घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. मी कोणाच्या तोंडाकडं बघितलं नाही. मीच तर जमेल म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांच्या टेबलासमोर उभी राहिले.

"रोज सकाळी अर्धा तास मशीन बंद ठेवायचं."

"बंद ठेवून काय करणार?"

"शिकणार. एकमेकींकडून."

"मग पाचनंतर शिका की. मिल रिकामीच असती."

"पाचनंतर माझ्या बायांची चूल रिकामी असती. काम तुमचं हाय, तर शिकणं तुमच्या वेळात."

ते बराच वेळ कॅल्क्युलेटरशी खेळत बसले. मग म्हणाले, "अर्धा तास म्हंजे अर्धाच."

असा आमचा गट सुरू झाला. आणि मी पहिले चार दिवस तो पार वाया घालवला.

मी पोत्यांच्या थप्पीवर बसायचे, बाकीच्या खाली. मीच बोलायचे. मशीनवाल्यानं जे सांगितलं ते मला आठवेल तसं. शेवटी विचारायचे, "कळलं का गं?" आठ तोंडांतून एकच आवाज. हाव. मला वाटायचं, बघा, माझं सांगणं कसं पटापट कळतं. पाचव्या दिवशी मंगलला म्हटलं, चल, तू चालू करून दाखव. मंगल म्हणजे आमच्यातली सगळ्यात फटकळ. कोणाला भीत नाही, नवऱ्यालाही नाही. ती मशीनपुढं गेली, पदर खोचला, बटणांकडं बघितलं आणि तशीच उभी राहिली.

"काय गं, काल तर हाव म्हणालीस."

"मावशी, तुम्ही एवढा जीव तोडून सांगून राहिल्या. तुमच्या तोंडावर न्हाई म्हणावं कसं? बरं दिसतं का?"

बाकीच्या सगळ्या हसल्या. मला राग आला. त्या दिवशी घरी येईपर्यंत तो राग टिकला. भाकरी थापता थापता उतरला, कारण एक गोष्ट लक्षात आली. मशीनवाल्याला मी तरी काय म्हणाले होते? मुकादम म्हणून सगळ्यात मोठ्यानं हाव मीच म्हणाले होते. मशीनवर एक हिरवं, दिवा पेटणारं बटण होतं; त्याचं काम काय, ते मला त्या दिवशीही कळलं नव्हतं आणि अजूनही माहीत नव्हतं. मी चार दिवस ते बटण सोडून बाकी सगळं शिकवत होते. आणि आमच्यात मोठ्या माणसाला नाही म्हणायची पद्धतच नाही. म्हातारीनं विचारलं की हाव म्हणायचं, ते ऐकलं म्हणून असतं, कळलं म्हणून नसतं. हे मला सासूच्या हाताखाली चांगलं ठाऊक होतं. मुकादम झाल्यावर विसरले.

दुसऱ्या दिवशी मी थप्पीवर बसले नाही. खाली बसले, मधे. म्हणाले, "त्या हिरव्या बटणाचं काय असतं, ते मला माहीत न्हाई. कोणाला माहीत हाय का?"

पंख्याचा आवाज. मंगल माझ्याकडं अशी बघत होती, जणू मला झटका आलाय.

मग कोपऱ्यातून आवाज आला. सुलू. आमच्यातली सगळ्यात नवी, अहमदपूरकडची, वर्षभरात ती दहा वाक्यं बोलली नसेल. "मावशी, ते हवेचं हाय. ते हिरवं पेटलं म्हंजे हवा भरली. न्हाई पेटलं तर डाळ सोडायची न्हाई."

"तुला कसं कळलं?"

ती खाली बघून म्हणाली, "त्या गाडीच्या दिवशी मीच होते मशीनवर. मी कॉक उघडला नव्हता. मग रोज बघत राहिले, काय चुकलं ते."

दाराशी मालक उभे होते. त्यांनी ऐकलं. मला दिसलं की त्यांनी ऐकलं. ते आत आले आणि काही बोलायच्या आत मी उठले. गुडघे दुखत होते तरी उठले.

"मालक, या अर्ध्या तासात जे बोललं जाईल त्याचा खाडा न्हाई. आज हिला घरी बसवलं, तर उद्यापासून कोणी एक शब्द बोलणार न्हाई. मग तुमचे ऑपरेटर आणा."

"अन् माझी गाडी परत आली ती?"

"ती आली. पुढची येऊ नये म्हणून सांगून राहिले."

ते तोंडात काहीतरी पुटपुटत गेले. सुलू दुसऱ्या दिवशी कामावर आली. सगळ्याजणी तिच्याकडं बघत होत्या, खरंच आली का म्हणून. आणि त्या दिवशी त्या अर्ध्या तासात एकामागून एक चुका निघाल्या. कोणी काच साडीच्या पदरानं पुसली होती आणि दोरा अडकला होता. कोणी आकडा भलताच फिरवून ठेवला होता. मंगलनं तर एकदा मशीन चालू असताना मागचं दार उघडलं होतं, आत काय हाय ते बघायला. आम्ही पोट धरून हसलो. पण प्रत्येक चुकीबरोबर काहीतरी कळत गेलं.

आता मालकांचं सांगते. त्यांना हे आवडायला लागलं. एवढं आवडलं की एका सकाळी खुर्ची घेऊन आले, सगळ्यांना चहा सांगितला आणि म्हणाले, "हां, बोला, बोला. मला मालक समजू नका, मी तुमच्यातलाच." आणि आठही बाया दगड झाल्या. सुलूनं पदर डोक्यावर ओढला. दहा मिनिटं गेली. चहा गार झाला.

मी म्हणाले, "मालक, तुम्ही उठा."

"अहो, मी काय बोलून राहिलो का?"

"न्हाई. पण तुम्ही बसलात की कोणीच बोलत न्हाई."

"मिल माझी हाय, मावशी."

"हाव. मिल तुमची. अर्धा तास आमचा."

मला वाटलं, आता मलाच घरी बसवतील. ते उठले. खुर्ची तिथंच सोडून गेले. दाराशी थांबून म्हणाले, "काय पाहिजे ते तरी सांगा. नुसतं हाकलून कसं चालंल?"

तेव्हा रेहाना बोलली. ती उमरीच्या बाजूची, शिवणकाम करायची, नंतर मिलीत आली. म्हणाली, "मालक, बिघाडनेकू कुछ माल देव. चांगल्या डाळीवर हात लावायला भ्या वाटतं."

मालकांनी एक पोतं खराब डाळ दिली. बिघडवा म्हणाले. त्यांनी त्या हंगामात जी कामं केली त्यातलं हे सगळ्यात मोठं. दुसरं असं की एकदा फाटकाशी गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि तरी त्यांनी आमचा अर्धा तास तोडला नाही. ड्रायव्हरला म्हणाले, "थांब जरा. बाया शिकून राहिल्या." मी ते आतून ऐकलं. मालकाची मदत म्हणजे बहुतेक वेळा एवढंच असतं. जागा द्यायची, वेळ द्यायचा, बिघडवायला पोतं द्यायचं आणि बाजूला व्हायचं. बाजूला होणं सगळ्यात अवघड. मला विचारा.

कारण मलाही ते जमत नव्हतं. कोणी चुकीचं सांगायला लागली की माझी जीभ वळवळायची. मी तोंडात सुपारीचं खांड धरून बसायचे, तेवढ्यासाठी. आणि बहुतेक वेळा दुसरीच कोणीतरी ते सुधारायची, माझ्यापेक्षा बरं.

बटणांवरची अक्षरं इंग्रजी. मंगलनं टिकल्यांचं पाकीट आणलं. चालूला हिरवी टिकली, बंदला लाल, कधीच हात लावायचा नाही त्या बटणाला काळी. कंपनीचा माणूस तपासायला आला तेव्हा डोळे मोठे करून म्हणाला, "ये बिंदी किसने लगाया?" मंगल म्हणाली, "आम्ही. नवी नवरी हाय ना." तो काढायला गेला तर मालक म्हणाले, राहू द्या.

रेहानाचा कान वेगळाच निघाला. मशीन नीट चालत असलं की आतून लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो, टकटक टकटक. तो जरा बसका झाला की ती मान वर करायची. "हवा कमी झाली," म्हणायची. आणि खरंच काटा खाली आलेला असायचा. तिनं मग सगळ्यांना डोळे मिटून ऐकायला लावलं. नऊ बाया डोळे मिटून मशीनपुढं बसलेल्या. कोणी बघितलं असतं तर भजन समजलं असतं.

माझं डोळे मिटणं मात्र वेगळ्या कारणाचं होतं. मोतीबिंदू. मला काळा दाणा आणि पिवळा दाणा वेगळा दिसत नव्हता, हे मी दोन वर्षं लपवलं होतं. बोटांवर काम भागवत होते. नांदेडच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी शिवरात्रीच्या आठवड्यातली. पुढं ढकलते म्हणाले, तर मंगलनं मला झापलं. "आंधळी मुकादम घेऊन काय करायचं आम्ही? जा."

गेले. कल्पनाच्या घरी दहा दिवस. डोळ्यांना काळा चष्मा, चुलीपुढं जायचं नाही, वाकायचं नाही. मुलगी शाळेत, जावई ऑफिसात, मी पलंगावर. फोन उशाशी. जाताना सगळ्यांना सांगून गेले होते, काही अडलं तर लगेच फोन करा, मी सांगेन.

पहिल्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मला राग आला. एवढं काय, एकीलाही आठवण येऊ नये? पाचव्या दिवशी शिवरात्र झाली. कल्पनानं भगर, शेंगदाण्याची आमटी केली. आता मनात दुसरंच येत होतं. फोन येत नाही म्हणजे सगळं नीट चाललंय, किंवा सगळं संपलंय आणि म्हातारीला ऑपरेशनमध्ये कशाला सांगायचं म्हणून गप्प बसल्यात. दोन्हीचा आवाज सारखाच असतो. काहीच नाही.

"तूच कर ना फोन," कल्पना म्हणाली.

"न्हाई."

"का?"

"मी विचारलं की त्या म्हणतील, हाव मावशी, सगळं बरं हाय."

अकराव्या दिवशी मी पहाटेच्या एसटीनं लातूरला आले. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा उतरून चहासुद्धा घेतला नाही. घरी पिशवी न टाकता थेट मिलीत. सकाळचं ऊन होतं. फाटकाशी मालक एका व्यापाऱ्याशी बोलत होते. मला बघून म्हणाले, "आलात? डोळा कसा हाय?"

"डोळ्याचं राहू द्या. ऑपरेटर आले का?"

"कसले ऑपरेटर?" ते खरंच विसरले होते. मग आठवल्यावर हात झटकला. "ते आता कशाला? परवा हवेचा कॉम्प्रेसर बंद पडला होता, तुमच्या बायांनीच चालू केला. मला तर नंतर कळलं."

मी तिथंच भिंतीला टेकले. त्यांना वाटलं, चक्कर आली. चक्कर नव्हती. बारा वर्षं आणि वर दोन महिने खांद्यावर जे होतं ते उतरलं, आणि उतरल्यावर कळलं, केवढं होतं.

हे सगळं कल्पनाला फोनवर सांगितलं. म्हणाले, मुख्याध्यापकांना चहा दे आणि खुर्ची बाहेर टाक. तुला जे येत नाही ते आधी तू सांग. कळलं का विचारू नको, करून दाखवा म्हण. चुकलेल्याला कोणी बोलणार नाही याची हमी वरून लिहून घे, तोंडीवर माझं निभावलं, सगळ्यांचं निभत नाही. आणि बिघडवायला काहीतरी दे. ती म्हणाली, शाळेत काय बिघडवायला देऊ, मुलं? मी म्हटलं, एक तास दे. एक तास बिघडला म्हणून पोर वाया जात नाही. मग म्हणाली, "गणिताचा माझाच तास लावते. सगळ्यांनी येऊन बघा म्हणते, कुठं चुकते ते." आवाजात भीती होती. ते ऐकून मला जरा बरं वाटलं. भीती वाटली म्हणजे खरं करणार आहे.

मिलीत परत आले त्या दिवशीचं थोडं राहिलं. मी भिंत सोडून पडवीत गेले. अर्धा तास चालू होता. मशीन बंद, सगळ्याजणी गोल बसलेल्या, आणि मधे सुलू. पदर कमरेला खोचलेला. ती सांगत होती की काचेवर धूळ नेहमी उजव्या बाजूलाच जास्त का बसते. खिडकी त्या बाजूला आहे आणि दुपारनंतर वारा तिकडून येतो, म्हणून त्या बाजूची काच दोनदा पुसायची. मंगल तिच्याशी वाद घालत होती, वारा नाही, पंखा. रेहाना म्हणत होती, खिडकीला पडदा लावून बघू, मग कळेल. मी काळा चष्मा घालून दारात उभी, आणि एकीचंही माझ्याकडं लक्ष नाही.

शेवटी सुलूची नजर गेली. तिनं सरकून जागा केली.

"या मावशी, बसा. पण जरा मधी बोलू नका, आमचं चालू हाय."

मी बसले. चाळीस वर्षं त्या पडवीत काढली होती, वारा कुठून येतो ते मी कधी बघितलं नव्हतं.